मॅबली वायर

पूर्वी फळा बंद पडायची सोयच नव्हती. खडू तुटला तर दुसरा घ्यायचा, संपला विषय. आता फळ्याला लॉगिन लागतं, लॉगिनला पासवर्ड लागतो, पासवर्ड दर महिन्याला बदलावा लागतो, आणि एवढे सगळे सोपस्कार झाल्यावर फळा निळा पडून ढिम्म बसतो. नेरिस एकतीस वर्षं गणित शिकवत होती. त्रिकोणमितीने ती कधी दमली नव्हती. या निळ्या फळ्याने मात्र तिचा जीव मेटाकुटीला आणला होता.

शाळेत सगळ्यांचंच तसं होतं, म्हणून हेडमास्तर गेथिनने जादूगार नेमले. जादूगार म्हणजे यंत्रांची जाण असलेली मुलं. त्यांनी जांभळा बिल्ला लावून शिक्षकांना नवी यंत्रं शिकवायची, अडलं तर सोडवायचं. योजनेची प्रमुख म्हणून नेरिसला बसवलं, कारण ती बैठकीला उशिरा पोचली होती. जादूगार सहा होते, ते कागदावर. दोघांना फक्त बिल्ला हवा होता, तिघांना रग्बीतून सवड नव्हती. कामाची एकटी मॅबली.

मॅबली दहावीच्या वर्गातली, किरकोळ अंगाची, कमी बोलणारी पोर. शिक्षक तीच गोष्ट पाचव्यांदा विचारत, तरी ती उसासा टाकत नसे. त्यामुळे हाक तिलाच जाई. अमक्याचा आवाज येत नाही, तमक्याची हजेरी उघडत नाही, मॅबलीला पाठवा जरा, एकच मिनिट. नेरिसनेही पाठवलं. सगळ्यांत जास्त तिनेच पाठवलं असेल.

या वेल्श गावात नुसत्या नावाने कोणाचं भागत नाही. दर गल्लीत तीच चार आडनावं, म्हणून माणसाच्या नावामागे त्याचा धंदा लागतो, आणि एकदा लागला की थडग्यापर्यंत सुटत नाही. ती स्वतः नेरिस गणित. इतिहास शिकवणारा इवोर इतिहास. पावाच्या दुकानात एकदा कोणीतरी मॅबलीला ‘मॅबली वायर’ म्हणालं आणि दुकानभर हशा पिकला. मॅबलीही हसली. नेरिसला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही.

वाटलं ते फेब्रुवारीत, चाचणीचे पेपर तपासताना. मॅबलीचा पेपर अर्धा कोरा होता. परीक्षेला गणिताचा पेपर वरचा म्हणजे अवघड, किंवा खालचा म्हणजे सोपा, असा निवडावा लागतो. खालच्या पेपरात कितीही चांगलं लिहिलं तरी मधल्या श्रेणीच्या वर कोणी जात नाही, आणि त्या श्रेणीवर कॉलेजात कॉम्प्युटरला कोणी उभं करत नाही. म्हणजे सगळ्या शाळेची यंत्रं जिच्या जिवावर चालत होती, तिलाच ती विद्या शिकायचं दार बंद होणार होतं. आणि कोणाचं नाव कुठल्या पेपराला पाठवायचं, ते महिनाअखेरीस नेरिसलाच कळवायचं होतं.

तिने स्टाफरूममध्ये तोंड उघडलं. पोरीला माझ्या तासातून उठवू नका, एवढंच म्हणाली. इवोरने चहाच्या कपातून मान वर काढली.

“मी कुठे उठवतो? तीच येते. मंगळवारी दुसऱ्या तासाला मोकळी असते म्हणाली.”

“मंगळवारी दुसरा तास माझा आहे, इवोर.”

मग एकेकाने तेच सांगितलं. गुरुवारी चौथ्या तासाला मोकळी असते. सोमवारी शेवटच्या तासाला. नेरिसचा एकही तास यातून सुटला नव्हता, आणि मॅबली वर्गात नाही याचं नेरिसला कधी नवल वाटलं नव्हतं. जादूगार आहे, असेल कुठेतरी कामात.

जेवणाच्या सुट्टीत मॅबली प्रिंटरच्या पोटात हात घालून बसलेली सापडली. नेरिस शेजारच्या खोक्यावर टेकली. गुडघे दुखत होते.

“माझ्या तासाला तू मोकळी असतेस म्हणे.”

मॅबलीचा हात आतच थांबला. “इवोर सरांना गरज होती, मिस.”

“इवोरला जन्मापासून गरज आहे. मी तुझं विचारतेय.”

ती अडकलेला कागद चिमटीने ओढत राहिली. मग म्हणाली, “तुमच्या तासाला मला काहीच कळत नाही. बाकीचे भराभरा लिहितात, मी नुसती बघत बसते. बाहेर गेलं की निदान कोणी थँक्यू तरी म्हणतं.”

“कधीपासून कळत नाही?”

“जाऊ द्या ना, मिस.”

“कधीपासून, मॅबली?”

“त्रिकोण सुरू झाले तेव्हापासून. पालकसभा होती. तुम्हीच म्हणालात, हॉलमधलं सगळं जोडून दे, त्रिकोण काय पळून जात नाहीत. तो आठवडा मी तिथेच होते. परत आले तर तुम्ही पुढे गेला होतात.”

ती तक्रार करत नव्हती. वायर कुठे सैल आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं, आणि म्हणूनच नेरिसला ते जास्त लागलं. तिला स्वतःची लाज वाटली. शिक्षक म्हणून आजवर तिला पुष्कळ वेळा कंटाळा आला होता, संतापही आला होता. लाज अशी कधी वाटली नव्हती.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दोघी जिन्याच्या वरच्या, हॉलच्या बरोबर माथ्यावर असलेल्या लहान खोलीत बसू लागल्या. नेरिस दिवसभराची थकलेली, पोरही तशीच. बाहेर पाऊस, आत हीटरचा वास, मधे मॅबलीच्या आईने डब्यात दिलेले वेल्श केक. कधी दोघींनाही जांभई आवरत नसे. पहिले काही दिवस पालथ्या घड्यावर पाणी. मग एका संध्याकाळी मॅबलीने पेन खाली ठेवलं आणि जरा रागानेच म्हणाली, “एवढंच होतं?”

“एवढंच असतं,” नेरिस म्हणाली.

गुरुवारी चौथ्या तासाला तिने मॅबलीची वरच्या पेपराची चाचणी ठेवली. हातात गुण असल्याशिवाय वरच्या पेपराला नाव जात नाही, आणि शुक्रवारी यादी जायची होती. पण गेथिनने त्याच तासाला पाहुणे बोलावले. शिक्षण खात्यातून चार जण जादूगारांची योजना बघायला येणार होते. आवडली तर आजूबाजूच्या शाळांतही ती सुरू करणार होते. सादरीकरण अर्थातच योजनेच्या प्रमुखांनी करायचं. दुष्काळात तेरावा महिना. नेरिसने मॅबलीला वरच्या खोलीत बसवलं, घड्याळ समोर ठेवलं, बिल्ला काढून खिशात ठेवायला लावला आणि बजावलं, “तास संपेपर्यंत उठायचं नाही.”

खाली हॉलमध्ये पहिलं चित्र ठीक उमटलं. त्यात मॅबली आणि इवोर फळ्यापुढे उभं राहून हसत होते. दुसऱ्या चित्राला पडदा काळा झाला.

नेरिसने दिसेल ते बटण दाबलं. पाहुण्यांनी सौजन्याने चहाचे घोट घेतले. एक बाई हसून म्हणाल्या की आता खरा जादूगारच लागणार. गेथिनही हसला आणि चवड्यांवर चालत बाहेर गेला. तो का गेला हे नेरिसच्या लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता. दार उघडलं आणि त्याच्यामागून मॅबली आत आली. पेन अजून तिच्या हातात होतं.

तिचा चेहरा उजळला होता. सुटका झाल्यासारखा. नेरिसला तोच बघवेना.

“वायर सैल झाली असेल, मिस. एकच मिनिट.”

“किती झालं?”

“चौथ्याला अडले.” मॅबलीने आवाज खाली आणला. “नाहीतरी जमत नव्हतं.”

नेरिस इतकी थकली होती की ‘बघ बाई’ हे शब्द तिच्या ओठांशी आले. पोर दोन पावलं पुढे आली असती, पडदा उजळला असता, टाळ्या पडल्या असत्या, आणि योजना साऱ्या परगण्यात गेली असती.

“परत जा,” ती म्हणाली.

“मिस, खरंच एक मिनिट लागेल.”

“सगळ्यांनी तुझं एकेक मिनिटच घेतलं, बाळा. जा. चौथा सोडव.”

मॅबली हलेना. गेथिन मधे पडला. पंचवीस वर्षांपूर्वी तो नेरिसच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा, आणि घाबरला की अजूनही तिला मिस म्हणायचा. “मिस, पाहुणे आलेत.”

“थांबतील पाहुणे. तूही बस, गेथिन.”

गेथिन बसला. मॅबलीने एकदा त्याच्याकडे, एकदा काळ्या पडद्याकडे बघितलं, आणि दार लोटून गेली. चारही पाहुण्यांनी कप खाली ठेवले होते. नेरिसने त्यांना सरळ सांगितलं की हे तिला येत नाही, वेळ लागेल. मग टेबलाचा आधार घेत तिने आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि भल्या लोकांकडे पाठ करून टेबलाखाली शिरली. खाली धूळ होती आणि वायरींचा गुंता. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या.

जिन्यावर मॅबलीची पावलं ऐकू येत होती. मध्यावर ती थांबली. कुठलीशी एक वायर मुठीत धरून नेरिस तशीच वाकून राहिली. मागे कोणीतरी खाकरलं.

मग डोक्यावरच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला.