गेन्झोने लाथाडलेली गादी

मित्रांनो, मी ध्यानाला बसायची एक जुनी, गोल गादी आहे. ओनोमिची बंदरावरच्या टेकडीवर, मठात गुरुजींच्या आईने मला शिवले आणि पोटात सावरीचा कापूस ठासून भरला. माझ्यावर बसून माणसे शांत होतात, असे सगळे म्हणत. मला त्याचा मोठा गर्व होता. गेन्झो न्हाव्याने तो उतरवला.

गेन्झोचा हात हलका, पण डोके कायम तापलेले. एका गिऱ्हाईकाशी भांडून त्याने त्याला अर्ध्या दाढीनिशी हाकलले. तेव्हा बायको, सादाए, म्हणाली म्हणे, "एक तर मठात जाऊन बसा, नाहीतर मी चालले माहेरी!"

गुरुजींनी त्याला माझ्यावर बसवले. "श्वासाकडे लक्ष द्यायचं. मन पळालं की परत आणायचं."

"कान धरून?"

"नाही हो, बोट धरून."

गेन्झोचे मन मासळीबाजारात आणि पायांना मुंग्या! तो असा चुळबुळत होता की मलाच घाम फुटला. उठायला गेला तो धाडकन आडवा झाला. शेजारी ध्यानाला बसलेले हसले. झाले! त्याने मला अशी लाथ घातली की मी खांबावर आपटून उसवले.

गुरुजींच्या टकलावर कापूस येऊन बसला. ते एवढेच म्हणाले, "घरी न्या. शिवून आणा."

दुकानाच्या बाकावर गेन्झो मला शिवत बसला. घाई केली की सुई बोटात! शेवटी तो टाक्यागणिक सावकाश श्वास घेऊ लागला. एवढ्यात हिरासे काका दाढीला आले. तोंडाला फेस लागताच म्हणाले, "तुझ्या बापाचा हात काय होता रे! तू नुसतं गवत कापतोस."

आता भांडण होणार म्हणून आत सादाए माहेरी जायचे गाठोडे बांधू लागली. वस्तरा काकांच्या गळ्यापाशी थांबला. मी श्वास रोखला. गेन्झोने मात्र घेतला, आणि सोडला.

"खरंय काका," तो हळूच म्हणाला. "मलाही आठवतो बाबांचा हात."

काका घाबरले. "सादाए, अगं, याला ताप आलाय का बघ!"

ती धावत आली, कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली.

गेन्झो अजूनही ओरडतो. पण आधी एक श्वास घेतो. तेवढ्यात समोरच्याला पळता येते.

मित्रांनो, माझ्यात जादू नाही. मन पळेल, पुन्हा पुन्हा आणा. फक्त उठताना मला चारी बाजूंनी जरा थोपटा. दबलेली मी पुन्हा फुगते, आणि पुढच्याला बसायला बरे पडते.