विमानाच्या पत्र्याची सवत

मला दुसरेपणावर दिली. आमच्याकडे अशा बायकोच्या गळ्यात वारलेल्या पहिलीचा टाक बांधतात, म्हणजे तिचा चेहरा उठवलेलं बोटभर पदक. नाहीतर ती कोपते म्हणे. बाकीच्यांच्या सवती रुप्याच्या. माझी विमानाच्या पत्र्याची.

मोठ्या लढाईत आमचे हे ब्रह्मदेशात विमानं दुरुस्त करायचे. इकडे गोव्यात, पार्से गावात, यांची पहिली बायको वत्सला तापानं गेली. तार पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हा पडलेल्या विमानाचा तुकडा घेऊन यांनी स्वतःच्या हातानं तिचा चेहरा ठोकून काढला. त्याच हातांनी माझ्यासाठी कधी पाटाचा मोडका पायसुद्धा ठोकून दिला नाही. माझा जळफळाट होणार नाही तर काय? रोज तिला हळदकुंकू लावताना मी बोट जरा जोरातच दाबायची.

गोवा राज्य झालं त्या वर्षी वास्कोची एक संस्था आमच्याकडे आली. हवाईदलातून निवृत्त झालेली माणसं. लढाईतल्या विमानांच्या वस्तू जमवायची आणि यांच्यासारख्या म्हाताऱ्यांचं औषधपाणी बघायची. त्यांनी यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दिलं. पट्टी निघाली तेव्हा यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी सुखावते न सुखावते तोच नजर गळ्याशी उतरली आणि तिथंच थांबली. मला इतका राग आला की मी तशीच उठून चुलीकडे गेले.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे सगुणबाब दोघांना घेऊन आले.

"वैनी, हो टाक आमच्या म्युझियमाक दितात?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी चष्मा पुसायला घेतला. सुटले एकदाची, म्हणत मी दोरा सोडला.

म्युझियमात टाकाच्या काचपेटीत लावायची पाटी कोंकणीत लिहायची की मराठीत, यावर सगुणबाबांबरोबर आलेल्या दोघांची जुंपली. मला मजकुराची काळजी. सगुणबाबांनी वाचून दाखवलं, "विमानदुरुस्ती करणारे गोकुळदास, यांची पत्नी वत्सला."



"आनी माजा नाव?"

"टाक तिचो, वैनी. तुमचें नांव खंय बरोवचें?"

म्हणजे माझ्या गळ्यात ती सवत, आणि तिकडे जगासमोर एकटीच बायको. मी टाक त्यांच्या हातातून काढून घेतला.

"नाय दिवचंय."

सगुणबाब यांच्याकडे वळले. "गोकुळदासबाब, तुमी तरी सांगात."

"माका विचारू नकात," हे म्हणाले. "वत्सलेवांगडा मी चार म्हयने रवलंय. ही जल्मभर रवली."

मी दोरा पुन्हा बांधला. "फोटो होयो तर काडा. पण गळ्यातलो, माज्या तोंडासकट."

सगुणबाबांनी कॅमेरा लावला. तेवढ्यात हे उठून पुढे आले आणि आपल्या हातानं माझा पदर सारखा केला. टाक पार झाकला गेला. मी तो उघडा केला नाही.