पाळकाच्या वाटणीची भाकर

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये येशूच्या आठवणीची भाकर वाटून खायची, ते प्रभुभोजन असायचं, आणि गेलं वर्षभर तिथले पाळक रेव्हरंड शांतवन आवळे त्या दिवशी चोरी करत होते. चोरी कशाची, तर आपल्याच वाटणीच्या भाकरीची.

सगळ्यांना तुकडे वाटून झाले की मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे निवडलेले पुढारी, चालीप्रमाणे पाळकाला तुकडा देत. लोकांचे डोळे मिटलेले. पाळक तुकडा ओठांपर्यंत नेत आणि हळूच कोटाच्या खिशात सोडत. घरी आलं की कोट खुंटीला लावायचा, हातपाय धुवायचे, आणि मग तुकडा परसातल्या चिमण्यांना.

कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. प्रार्थना करताना वर कुणी ऐकतंय असं त्यांना वाटेनासं झालं होतं. बंद घराची कडी किती दिवस वाजवायची? आणि अयोग्यपणे खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे दर महिन्याला वाचून दाखवणारे तेच! विश्वास गेला होता, भीती तेवढी चिकटून बसली होती. हे बाहेर फुटलं असतं तर पाळकपण, राहती बंगली आणि पंचवीस वर्षांची अब्रू एका दमात गेली असती.

त्रेपन्न सालच्या ऑगस्टात त्यांनी खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. त्यांनी खिसा उलटा करून शिवण तपासली. शिवण धड होती. सप्टेंबरातही तेच झालं, तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली.

त्यांच्या कोटाला हात लागे तो मंडळीच्या वडिलांपैकी एक, आकाराम यांचा. उचगावचे हे म्हातारे सुतार उपासना संपली की पाळकांचा कोट उतरवून घेत आणि झटकून बाजूच्या खोलीत टांगत. तोवर पाळक दारात उभं राहून लोकांना निरोप देत. बस्स, चोर सापडला! मग काय, चोराच्या मनात चांदणं. आकारामांनी "तब्येत बरी हाय न्हवं?" म्हटलं तरी पाळकांना वाटे, याला कळलंय. नाही विचारलं तर वाटे, कळलंय म्हणूनच गप्प आहे. म्हातारा लेकीकडे पन्हाळ्याला गेला, तर तो वरच्या मंडळींना तुकडे दाखवायला गेला अशी यांची खात्रीच पटली.

ऑक्टोबरातही खिसा रिकामा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम चर्चमध्ये एकटेच बाकाचा मोडका पाय ठोकत बसले होते. पाळक थेट त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माझ्या खिशातली भाकर तुम्हीच काढता ना? कुणाकुणाला दाखवलीत?"

आकारामांनी हातोडा खाली ठेवला. "कसली भाकर?"

"प्रभुभोजनाची! मी न खाल्लेली!"

बोलून गेल्यावर पाळकांना कळलं, आपण काय बोललो ते.

"म्हंजे तुम्ही खात न्हाय व्हय?" म्हाताऱ्याचा आवाज एकदम उतरला. "मला काय बी ठावं न्हवतं, पाळकसाब. खिशात हात घालाय मी काय चोर हाय?"

पाळक कसेबसे घरी आले. त्यांची बायको विमलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. अगदी कडीपासून चिमण्यांपर्यंत.

"आता आपलं इथलं संपलं," ते म्हणाले. "पण मग तुकडे गेले कुठं?"

"मी खाल्ले," विमलाबाई म्हणाल्या.

"तुम्ही हातपाय धुवाय गेला की काढून घेत होते. एकदा तुम्हाला चिमण्यांना घालताना बघितलं. प्रभूच्या मेजावरचं, ते पाखरांना कसं घालू द्यायचं? म्हटलं, यांना गिळवत न्हाय तोवर यांच्या वाटणीचं आपण खावं, यांच्या नावानं."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत होते. आणि सांगितलंत कुणाला, तर आकारामांना."

साऱ्या मंडळीवर पाळत ठेवून झाली होती, पण शेजारच्या माणसाकडे वर्षभरात धड पाहिलं नव्हतं. पाळकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकारामांची माफी मागायला ते उठले, चपला घातल्या आणि उंबऱ्यातच थांबले.

"विमला, आधी तुझी मागतो."

"माझी मागा सावकाशीनं," विमलाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "तो म्हातारा आज जेवायचा न्हाय. आधी तिकडं जावा."