सात उलटी नाणी

माझी बायको अकरा दिवस माझ्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, पण फ्रिजशी. "मीठ संपलंय म्हणावं," असं ती फ्रिजला सांगायची आणि मी निमूटपणे मीठ आणायचो.

कारण म्हणाल तर एक पत्र. मी चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफरीडर होतो. निवृत्त झालो आणि पुढच्याच महिन्यात ही पंधरा दिवस बहिणीकडे गेली. फोनवर मी मध्येच तिची वाक्यं सुधारतो, म्हणून तिने तिथून पत्र पाठवलं. दुसऱ्या नवऱ्याने एकदा वाचून खणात टाकलं असतं. मी चारदा वाचलं, लाल पेनाने तपासलं आणि ती परत आल्यावर तिच्या हातात ठेवलं. माझ्या मते ही आपुलकी होती. तिचं मत वेगळं पडलं.

"यापुढे या घरात चुका काढायच्या नाहीत," हे तिचं मला उद्देशून शेवटचं वाक्य.

आता चुका काढण्यावरच ज्याचं पोट भरलं, त्याने दिवसभर करायचं काय? तेवढ्यात पेपरात वाचलं की टांकसाळसुद्धा चुकते. कधी अक्षर दुहेरी उमटतं, कधी चित्र एका कडेला सरकतं, कधी एका बाजूचा साचा फिरतो आणि ती बाजू चक्क उलटी छापली जाते. आणि अशा चुका शोधणाऱ्याची लोक वाहवा करतात. मला गहिवरून आलं. सुट्ट्या पैशांचा डबा घेऊन बसलो. आत सातच नाणी होती. पाच मिनिटांत पहिलं उलटं सापडलं, अर्ध्या तासात सातही. शहाण्याला इथेच शंका आली असती. मला वाटलं, टांकसाळीतला माणूस त्या दिवशी घरून भांडून निघाला असावा.

जुन्या नाण्यांचा व्यापार करणारा एक जण मागच्या गल्लीत बसतो. त्याला मी घरी चहाला बोलावलं. बेत साधा होता. बाहेरच्या जाणकाराने हिच्या कानावर पडेल असं माझ्या नजरेचं कौतुक केलं, की हिचा राग उतरेल. ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मधलं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं.

नाणेवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. पहिलं नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं.

"यात काय आहे, काका?"

"मागची बाजू उलटी आहे."

"दाखवा बरं."

मी नाणं उलटून दाखवलं. तो माझ्या बोटांकडे बघत राहिला.

"तुम्ही नेहमी असंच उलटता? खालून वर?"

आमची प्रुफं वरच्या बाजूला चापात अडकवलेली असायची. चौतीस वर्षं मी कागद खालून वरच उलटला होता.

"नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं," तो म्हणाला आणि त्याने आडवं उलटून दाखवलं. नाणं सरळ होतं. सातही सरळ होती. मग त्याने स्वतःच्या खिशातलं एक काढून माझ्या पद्धतीने उलटलं. "हे घ्या, आठवं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. नाणेवाल्याने भला माणूस असल्यामुळे चहा भराभर संपवला आणि तो गेला.

मी कपबश्या घेऊन आत गेलो. काहीतरी बोलणं भागच होतं.

"चूक झालेली आहे," मी म्हणालो.

"कोणाकडून, म्हणावं?" तिने फ्रिजला विचारलं.

"नजरचूक आहे."

"नजर कोणाची?" आता ती माझ्याकडे बघत होती.

"माझी," मी म्हणालो. हा शब्द तोंडातून काढायला मला केवढे कष्ट पडले, ते माझं मलाच माहीत.

"नाण्यांचं बोलताय, का पत्राचं?"

खरं तर नाण्यांचं बोलत होतो. पण तिचा चेहरा बघितला आणि म्हणालो, "पत्राचं."

"काय लिहिलं होतं हो मी त्यात?"

मी तोंड उघडलं. पहिल्या पानावर सात चुका, दुसऱ्यावर नऊ, सगळ्या ओळीसकट पाठ होत्या. पत्रात काय होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. मला स्वतःची लाज वाटली. आठवत नाही, असं मी तिला सांगितलं.

तिने हात पुसले, खणातून पत्र आणलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाचा. मोठ्याने."

मी वाचायला लागलो. बहिणीचा गुडघा झाला, तिथला उकाडा झाला. मग शेवटच्या ओळीपाशी आलो. ‘तुमच्या वीना करमत नाही’ असं तिने लिहिलं होतं. त्या एका ओळीत मी दोन चुका काढल्या होत्या.