तिच्या आवाजातली जाहिरात

एर्मिनिया रेडिओ स्टेशनात शिरली तेव्हा ओतिलिया टायरच्या दुकानाची जाहिरात वाचत होती. काचेपलीकडे कुणी बाई येऊन उभी राहिलेली तिनं पाहिली, हातानं बसायची खूण केली आणि वाचन चालू ठेवलं. बाई बसली नाही. डोक्याला गुंडाळलेली शालही तिनं सोडली नाही.

गाणं लावून ओतिलिया बाहेर आली. "बसा ना. बाहेर किती गारठा पडलाय. कुणासाठी गाणं लावायचंय का?"

"मी मेलितोनची बायको," बाई म्हणाली.

ओतिलियाचा चेहरा उजळला. डॉन मेलितोन म्हणजे तिचा जुना श्रोता. सफरचंदाच्या बागेत छाटणीला निघण्याआधी तो स्टेशनला फोन करायचा, मेक्सिकोतल्या मिचोआकानकडचं एखादं जुनं गाणं मागायचा आणि तिला चिडवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. "दोन्या ओतिलिया, आवाज बसलाय आज. नवऱ्याशी भांडलात वाटतं काल." तिला नवरा नाही हे अख्ख्या याकिमा खोऱ्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्यात गंमत. अलीकडे मात्र त्याचा फोन आला नव्हता.

"कुठं दडी मारलीय त्यांनी?" ओतिलियानं हसत विचारलं. "मला न सांगता गावी गेले की काय?"

"त्यांचा पाय कापला," एर्मिनिया म्हणाली. "गुडघ्याखालून."

आत गाणं चालू होतं. ओतिलिया हसायची थांबली, पण ओठ तसेच राहिले.

"साखरेचा आजार होता ना त्यांना. दवाखान्यातून इन्सुलिन मिळत होतं, सगळं बरं चाललं होतं. मग तुम्ही रेडिओवर सांगितलंत, थेंब घ्या आणि सुईला सुट्टी द्या. त्यांनी दिली सुट्टी. मी डोकं आपटलं त्यांच्यापुढं, तर मलाच म्हणाले, ओतिलिया खोटं बोलणार नाही. तिनंही सफरचंदांच्या शेडमध्ये उभं राहून खोकी भरलीत. ती आपल्यातली आहे."

"दोन्या एर्मिनिया, ती... ती जाहिरात असते."

"आत्ता टायरची सांगत होतात, तीही जाहिरातच. आम्ही तिथूनच घेतले टायर. टायर चांगले निघाले."

एर्मिनियानं शाल घट्ट ओढून घेतली. "भांडायला नाही आले मी. तुम्हाला कळावं म्हणून आले," एवढंच म्हणाली आणि दार लोटून निघून गेली. गाणं संपलं होतं. स्टेशनवरून नुसती शांतता बाहेर जात होती.

तसं पाहिलं तर 'रेडिओ ला एस्पिगा' म्हणजे एका गोदामाच्या दोन खोल्या. पण अमेरिकेतल्या या खोऱ्यात स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांचं त्याच्यावाचून पान हलत नसे. कुठल्या दवाखान्यात स्पॅनिश बोलणारी नर्स आहे, कुठला गॅरेजवाला फसवत नाही, पोराचं नाव शाळेत घालायला काय लागतं, थंडीचे कोट कुठल्या चर्चमध्ये वाटतात, हे सगळं लोक ओतिलियाच्या तोंडून ऐकत आणि मगच घराबाहेर पडत. बाहेरचं जग इंग्रजी बोलायचं. त्या जगाच्या भिंतीला ओतिलिया हे एक दार होतं. तिच्या एका वाक्यावर नव्या बेकरीपुढं रांग लागायची. याचा तिला अभिमान होता, आणि का नसावा? हातात हातमोजे घालून पट्ट्यावरची सफरचंदं निवडणाऱ्या बाईला स्टेशनच्या मालकानं, एफ्राइननं, एका जत्रेत माइकवर थट्टामस्करी करताना ऐकलं आणि उचलून इथं आणून बसवलं. तेव्हापासून ती तिथंच होती.

थेंबांची जाहिरात प्रोफेसर लास्कानोची. थेंबांचं नाव 'दुल्से पास', म्हणजे गोड शांती. हा माणूस कशाचा प्रोफेसर हे कुणी कधी विचारलं नाही. तिच्या कार्यक्रमानंतरचा तास त्यानं विकत घेतलेला. त्यात तो मऊ, पाद्र्यासारख्या आवाजात लोकांना बाळांनो म्हणायचा आणि बाटल्या खपवायचा. त्याची जाहिरात मात्र ओतिलियाच्या आवाजात रेकॉर्ड केलेली होती. ती त्यानं हट्टानं मागून घेतली होती. कागदावर लिहिलेलं सगळं तिनं वाचलं होतं आणि शेवटी एक वाक्य पदरचं घातलं होतं, "माझं ऐका, मी तुम्हाला कधी चुकीचं सांगितलंय का?" ते कागदावर नव्हतं. बोलण्याच्या ओघात आलं, छान वाटलं, राहिलं.

दुपारी ती मेलितोनच्या घरी गेली. तो खिडकीजवळ खुर्चीत बसला होता, मांडीवर गोधडी. तिला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि मग आठवल्यासारखा परत बसला.

"या, या. बघा, आता छाटणीची शिडी कुणी मला चढायला सांगणार नाही," तो म्हणाला. "आवाज मात्र आज खरंच बसलाय तुमचा."

"डॉन मेलितोन, मला माफ करा."

"तुमचा काय दोष त्यात? चूक माझीच. मी फोन केला होता प्रोफेसरांना, पाय काळा पडायला लागला तेव्हा. ते म्हणाले, विष बाहेर पडतंय, घाबरू नका, थेंब दुप्पट करा. आणि म्हणाले, मनात श्रद्धा कमी असली की वेळ लागतो. माझीच कमी पडली असेल. ताटातल्या मक्याच्या तोर्तियाही सोडवत नव्हत्या मला."

स्वयंपाकघरात एर्मिनियानं भांडं आदळलं. ओतिलियाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आल्यापासून ती स्वतःवर जळत होती, पण हे ऐकलं आणि त्या रागाला दुसरं तोंड फुटलं. पाय तर घेतलाच, वर या साध्या माणसाला असंही पटवून दिलं की तो त्यानं आपल्याच हातानं घालवला. ती तिथून उठली ती सरळ स्टेशनवर आली.

एफ्राइन तारा गुंडाळत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

"वाईट झालं फार," तो म्हणाला. "मी जातो त्याच्याकडे भेटायला."

"भेटायला नंतर जा. आधी तो तास बंद कर."

"ओतिलिया, तुला माहितीय, तो तास गेला तर हे स्टेशन गेलं. बेकरीवाला आणि टायरवाला मिळून विजेचंसुद्धा बिल निघत नाही. मग कोट कुठं मिळतात ते कोण सांगेल लोकांना? लस कुठं टोचतात ते?"

"म्हणजे दहाजणांना दवाखान्यात पाठवायचं म्हणून अकराव्याचा पाय कापायचा?"

"आपण नाही कापला. आणि कायद्यानं बघशील तर आपल्याला कुणी हात लावू शकत नाही. बाटलीवर स्पष्ट छापलंय, हे कुठल्याही आजारावरचं औषध नाही."

"कुठं छापलंय?"

त्यानं कोपऱ्यातल्या खोक्यातली एक बाटली काढून दाखवली. तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. ओतिलियाला तेवढं इंग्रजी वाचता येत होतं. मेलितोनला येत नव्हतं. बाटली घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना येत नव्हतं.

"म्हणजे खरं असेल ते त्यांच्या भाषेत छापायचं," ती म्हणाली, "आणि खोटं आपल्या भाषेत, माझ्या तोंडून बोलायचं. अरे, तू स्वतः बिअरच्या हॉप्सच्या मळ्यात, मजुरांत वाढलास. तुझ्या आईला वाचता येत होतं का इंग्रजी?"

"आईला मध्ये आणू नकोस."

"आणणार. तुझी आई हेच स्टेशन ऐकत मेली."

एफ्राइन उठला आणि दुसऱ्या खोलीत गेला. वाईट माणूस नव्हता तो, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. वाईट असता तर बरं झालं असतं.

शनिवारी प्रोफेसर लास्कानो स्वतः येणार होता. अधूनमधून तो यायचा, स्टेशनच्या अंगणात टेबल मांडायचा, लोकांचे हात हातात घ्यायचा. त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा कोट घालून तो माइकपुढं बसला तेव्हा ओतिलियानं आपली खुर्ची सोडली नाही.

"आज मीही बसते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. त्याला ते आवडलं. तिचा आवाज शेजारी असला की बाटल्या खपत.

लाल दिवा लागला. तिनं नेहमीसारखा नमस्कार सांगितला आणि म्हणाली, "प्रोफेसर, मला एक सांगा. साखरेच्या रोग्यानं इन्सुलिन सोडून तुमचे थेंब घेतले तर त्याला काय होतं?"

"रक्त शुद्ध होतं, ओतिलिया. निसर्ग आपलं काम करतो."

"आणि पाय काळा पडला तर?"

त्यानं कोटाची बाही सरळ केली. आवाज मात्र तसाच लोण्यासारखा. "प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, बाळांनो. कुणी पथ्य पाळत नाही, कुणाची श्रद्धा..."

"मेलितोनची श्रद्धा कमी नव्हती. तुमच्यावर होती, माझ्यावर त्याहून जास्त होती. त्याचा पाय गेला." ती माइकच्या जवळ सरकली. "ऐकणाऱ्यांनो, मी ओतिलिया बोलतेय. या थेंबांबद्दल मी तुम्हाला जे सांगत आले ते खोटं आहे. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नाही. बाटलीवर इंग्रजीत लिहिलंय की हे औषध नाही. या माणसाला ते माहीत आहे. ज्यांनी सुई बंद केलीय त्यांनी आत्ता, हे ऐकून होईपर्यंतही न थांबता, दवाखान्यात जा."

प्रोफेसर हसला. "बाई थकल्यात आज," तो माइकमध्ये म्हणाला. मग हातानं माइक झाकून तिला हलकेच म्हणाला, "शेडमध्ये परत जायची हौस आलीय का?"

"हात काढा माइकवरून. जे बोललात ते लोकांना ऐकू दे."

फोन वाजायला लागले होते. तिनं पहिला फोन थेट हवेवर घेतला. तिला वाटलं, आता लोक या माणसाची सालटी काढतील. फोनवर एक म्हातारी होती. "लाज वाटत नाही का गं तुला?" ती म्हणाली. "प्रोफेसरांमुळं माझी गुडघेदुखी गेली. तुला दवाखानेवाल्यांनी फितवलंय." दुसरा फोन एका माणसाचा, त्यानं तर तिचा उद्धारच केला. तिसऱ्या फोनवर कुणी तरी नुसतं रडत होतं. ते कोण, का रडतंय, हे कळायच्या आत एफ्राइननं बटण दाबलं आणि खोऱ्यात सगळीकडं ट्रम्पेट वाजायला लागले.

"घरी जा, ओतिलिया," तो म्हणाला. तिच्याकडं त्याला बघवत नव्हतं.

ती घरी गेली आणि परत आली नाही. पुढचे काही आठवडे बाजारात काही बायका तिला पाहून तोंड फिरवत. काही जणी मात्र हात धरून हळूच सांगत, आमच्या ह्यांनी पुन्हा सुई सुरू केली. बेकरीवाल्यानं स्टेशनला जाहिरात देणं बंद केलं आणि तिला कामावर ठेवून घेतलं. पहाटेच्या पावांवर साखर भुरभुरायचं काम. एर्मिनिया एकदा पाव न्यायला आली. तिनं हिशेबानं पाव घेतले, मान हलवली आणि गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि ओतिलियानं विचारलं नाही. लास्कानो मात्र खोऱ्यातून हलला. एफ्राइननं तो तास बंद केला की लास्कानोनंच सोडला, हे तिनं कधी चौकशी करून पाहिलं नाही.

वसंतात, चेरी फुलायच्या सुमारास, ती चुलत बहिणीकडं, खोऱ्याबाहेरच्या पास्को गावाला गेली. बहिणीचं धुलाईयंत्र बिघडलेलं, म्हणून दोघी कपड्यांचं गाठोडं घेऊन नाक्यावरच्या लाँड्रीत गेल्या. यंत्रं घुमत होती, पोरं बाकांवर उड्या मारत होती, भिंतीवरच्या रेडिओवर तिथलं स्थानिक स्पॅनिश स्टेशन लागलेलं. गाणं संपलं आणि ओतिलियाला आपलाच आवाज ऐकू आला.

"साखरेनं छळलंय तुम्हाला? सुईला सुट्टी द्या..."

बहिणीनं तिच्याकडं पाहिलं. ओतिलियाच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. लास्कानोनं तिचा आवाज सोबत नेला होता. तिला स्टेशन सोडावं लागलं, आणि तो तिचा आवाज गावोगाव फिरवत होता. शेवटचं वाक्य आलं, तिच्या पदरचं, किती गोड म्हटलेलं. "माझं ऐका, मी तुम्हाला कधी चुकीचं सांगितलंय का?"

समोरच्या बाकावर एक बाई पोराचे मोजे जुळवत होती. तिनं मान वर करून रेडिओकडं बघितलं, नीट ऐकण्यासाठी.

ओतिलियानं चादर टोपलीत टाकली, बाकावर चढली आणि रेडिओ बंद केला. सगळ्यांनी वळून पाहिलं. कोपऱ्यातून एक माणूस कुरकुरला, "अहो, ऐकतोय आम्ही."

"ती बाई मी आहे," ओतिलिया म्हणाली. इतकी वर्षं माइकपुढं जपलेला आवाज कर्कश निघाला, तिनं तो सावरला नाही. "हा आवाज माझा आहे आणि ती खोटं बोलतेय. कुणाच्या घरी आहेत ते थेंब? मला सांगा. आत्ता सांगा."

यंत्रं घुमत राहिली. मग मोजे जुळवणाऱ्या बाईनं हळूहळू हात वर केला.

"माझ्या आईकडं," ती म्हणाली.

"आई राहते कुठं?"

"इथंच. मागच्या गल्लीत."

"चला," ओतिलिया म्हणाली आणि बाकावरून खाली उतरली. बहिणीला कपड्यांवर लक्ष ठेवायला सांगून ती त्या बाईच्या मागोमाग दाराबाहेर पडली.