डाव्या बाजूचा पाटा

मित्रांनो, निपाणीत हायवेच्या कडेला आण्णाप्पा मेस्त्रींचं गॅरेज आहे. आत शिरलात की उजव्या भिंतीवर तारेनं टांगलेला, कमानीसारखा वाकलेला एक गंजका पोलादी पाटा दिसेल. तो मी. मोटारीचं वजन पेलायचं आणि रस्त्याचा धक्का आतल्या माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते मी सत्तावीस वर्षं केलं. आता मला कुणी खाली काढत नाही, कारण मी एकटा आहे. पाटे जोडीनं चालतात.

माझा जन्म १९५२ सालचा, विलायतेतला. सहा पट्ट्या एकावर एक रचून, मधोमध बोल्ट आवळून मला तयार केलं. माझा जोडीदार उजव्या चाकावर, मी डाव्या. आमची मोटार दोनच माणसांची, उघड्या टपाची, शर्यतीसाठी बनवलेली. एका लष्करी अधिकाऱ्याबरोबर ती बेळगावच्या कॅम्पात आली आणि १९७४ साली निपाणीच्या डॉक्टर बसवंतांनी ती विकत घेतली. लोकांनी अशी मोटार हौसेसाठी ठेवली असती. डॉक्टरांनी ती रोज चालवली. त्यांचा दवाखाना बोरगावला होता. निपाणी ते बोरगाव आणि परत, सोमवार सोडून रोज.

उजव्या बाजूला डॉक्टर बसत. डाव्या बाजूला, म्हणजे माझ्यावर, त्यांची आई गुणाबाई. वजन जेमतेम चाळीस किलो. तंबाखूच्या वखारीत बावीस वर्षं वाकून तंबाखू चाळला आणि मुलाला डॉक्टर केलं. कंबर तेव्हाच गेली होती. बोरगाव हे त्यांचं माहेर. तिथं त्यांची थोरली बहीण मालुबाई एकटी राहायची. तिची दृष्टी गेली होती. दिवसभर गुणाबाई तिच्यापाशी बसायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, भाकरी करून वाढायच्या आणि संध्याकाळी मुलाबरोबर परतायच्या.

लहानपणी त्या बहिणींना त्या गावात कुणी बैलगाडीत बसू देत नसे. गाडी पुढं जायची आणि या दोघी मागून धुळीतून चालायच्या. आता त्याच रस्त्यावरून गुणाबाई मोटारीनं यायच्या. मोटारीचा आवाज ओळखून मालुबाई उंबऱ्यात उभी राहायची.

"गुणा, आलीस व्हय गं?"

"आलो की आक्का. पाळण्यात बसून आलो बघ."

पाळणा म्हणजे मी. माझ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

१९७९ पर्यंत आम्ही दोघं पाटे बसकलो. खड्ड्यात सायलेन्सर घासायचा, वळणावर मोटार कलायची. त्याच सुमारास डॉक्टरांची सुबरावांशी मैत्री जमली. सुबराव तंबाखूच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. ज्या वखारीत गुणाबाई राबल्या, ती वखार त्यांच्याच वडिलांची. डॉक्टरांना हे माहीत होतं. गुणाबाई डॉक्टरांच्या आई आहेत, हे सुबरावांना माहीत नव्हतं. सोमवारी दोघं तवंदी घाटात आपापल्या गाड्या पळवायचे.

"डॉक्टर, तुमची गाडी वळणावर गाभण म्हशीगत कलंडती बघा," सुबराव हसायचे.

डॉक्टरही हसायचे. पण घरी आल्यावर खाली वाकून आमच्याकडं बघायचे.

शेवटी मोटार आण्णाप्पांच्या गॅरेजात आली. मेस्त्रींनी तीन उपाय सांगितले. आम्हालाच भट्टीत ताव देऊन कमान परत आणायची आणि टोकांना नवे रबरी बुश घालायचे. किंवा आमच्यात एक पट्टी वाढवायची. किंवा जाड पट्ट्यांचे कडक पाटे नि कडक शॉकअप बसवायचे; मग मोटार वळणाला चिकटून पळणार, पण खड्डा थेट मणक्यात जाणार.

"घाटात मजा करायची असंल तर तिसरं," मेस्त्री म्हणाले. "रोज बोरगाव करायचं असंल तर पयलं. पण ठरवायच्या आदी रोज शेजारी बसणारं माणूस घिऊन या. त्यास्नी बशीवल्याबिगर मी पाटा ठरवत न्हाय."

ही त्यांची पद्धत होती. माणसाला सीटवर बसवायचे, चाक आणि मडगार्ड यांमधलं अंतर वितीनं मोजायचे, मोटार दाबून सोडायचे आणि ती किती वेळा उसळते ते बघायचे. मगच पट्ट्या निवडायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. बरोबर सुबराव. नव्वद किलोचे. ते डाव्या सीटवर, गुणाबाईंच्या जागेवर बसले आणि मी खोल दबलो.

"हेच रोज बसत्यात?" मेस्त्रींनी विचारलं.

डॉक्टरांनी एकदा सुबरावांकडं पाहिलं. वखारीतली चाळणीवाली आपली आई आहे, हे त्यांना तिथं, त्या माणसासमोर सांगायचं नव्हतं.

"व्हय. हेच."

सुबरावांना गंमत वाटली. "आता मला रोज बोरगावला न्हेताय व्हय?"

मेस्त्रींनी नव्वद किलोचा हिशेब धरला. कडक पाटे बसले. आम्हाला काढताना मेस्त्री म्हणाले, "जोडी मोडू नका डाक्टर. तेल लावून ठेवा. परत लागंल."

जोडीदाराला परसातल्या खोपटात टाकलं. मला गुणाबाईंनी उचललं आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवलं. तिथून मला रस्ता दिसायचा.

नव्या पाट्यांवर चाळीस किलोचं माणूस म्हणजे तव्यावरची लाही. पहिल्या दिवशी गुणाबाई उतरल्या त्या भिंत धरून. "नवं हाय, बसंल हळूहळू," एवढंच म्हणाल्या. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तवंदी घाटात मात्र डॉक्टर जिंकले. सुबरावांनी त्यांना पेढे दिले. ते पेढे डॉक्टरांनी आईला आणून दिले आणि तिनं आक्कासाठी बांधून ठेवले.

ते पोचले नाहीत. दुसऱ्याच दिवशी बोरगावच्या अलीकडच्या चरातून मोटार उडाली आणि गुणाबाई सीटवर आपटल्या. त्यांना उचलूनच घरात आणलं. मणका दबला होता. जे डॉक्टर दिवसभर पेशंटना "कमरेला हिसका बसू देऊ नका" असं सांगायचे, त्यांनी आईच्या कमरेला स्वतः पट्टा बांधला.

त्यानंतर ते एकटेच जायचे. संध्याकाळी परतले की गुणाबाई आडव्या पडूनच विचारायच्या, "आक्का काय म्हणती?"

"गाडीचा आवाज आला की दारात येती. गुणा आली व्हय, म्हणती."

"मग तू काय सांगतोस?"

"उद्या येईल म्हणतो."

तीन महिने तो "उद्या" असाच सांगितला गेला.

उसाचा हंगाम सुरू झाला. मष्णू लोहार कोयत्यांसाठी पोलाद गोळा करत दारात आला. त्या घाईत डॉक्टरांनी खोपटाकडं बोट दाखवलं. मोटारीच्या पाट्याचा कोयता चांगला टिकतो. जोडीदाराचे सहा कोयते झाले. मी दाराशी होतो म्हणून वाचलो.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर मला घेऊन मेस्त्रींकडं गेले. "जुनेच बसवा."

"आणि दुसरा?"

डॉक्टरांनी मष्णूचं नाव सांगितलं. मेस्त्रींनी मला हातात तोललं. "एकावर गाडी वाकडी चालंल. ह्येचा नमुना बघून नवी जोडी करून आणतो कोल्हापुरातनं. आठ दिवस लागतील."

सहाव्या दिवशी सकाळी बोरगावचा माणूस सायकलवरून निरोप घेऊन आला. मालुबाई गेली होती.

पुढचं मेस्त्रींच्या बोलण्यातून मला कळलं. डॉक्टरांनी मोटार दाराशी आणली. गुणाबाई म्हणाल्या, "तुझ्या गाडीत मी बसत न्हाय." शेवटी कडब्यावर गोधड्या अंथरून त्यांना बैलगाडीतून नेलं. वीस किलोमीटर. लहानपणी ज्या रस्त्यावर बैलगाडीत बसायला मिळालं नव्हतं, त्या रस्त्यावर त्या बैलगाडीत झोपून गेल्या आणि पोचल्या तेव्हा मालुबाईची माती होऊन गेली होती.

नवी जोडी आली आणि मोटारीला बसली. पुढं दोन महिन्यांनी, कमरेचा पट्टा सुटल्यावर, डॉक्टरांनी आईला गॅरेजात आणलं. त्या दिवशी सुबरावही आपली गाडी घेऊन आले होते.

"ही माझी आई," डॉक्टर म्हणाले. "रोज हीच बसायची."

सुबरावांनी निरखून पाहिलं. "गुणाबाई? आमच्या वखारीतल्या? हात लई चपळ हुता बघा तुमचा." एवढं बोलून ते आपल्या गाडीकडं वळले. डॉक्टर ज्या क्षणाला इतके भ्याले होते, तो तेवढाच होता.

मेस्त्री मात्र थबकले. "रोज बसणारी ही व्हय? मग त्या दिवशी त्यास्नी कशाला बशीवलंसा, डाक्टर?"

गुणाबाईंनी सुबरावांकडं पाहिलं. मग मुलाकडं. त्यांना सगळं समजलं. मेस्त्रींच्या आग्रहाखातर त्या हळूच सीटवर टेकल्या. नवा पाटा अलगद दबला आणि एकदाच उसळून थांबला.

"कसं वाटतंय, मावशी?" मेस्त्रींनी विचारलं.

"पाळणा हाय," त्या म्हणाल्या. "पण आता कुठं जायचं हाय रं, बसवंता?"

आणि त्या उतरल्या.

मित्रांनो, आम्हा वस्तूंची विनवणी फार लहान असते. पाटा निवडायचा असेल तेव्हा रोज शेजारी बसणारं माणूस मेस्त्रीला दाखवा. त्या माणसाची लाज वाटत असेल, तरीही दाखवा. आम्ही पोलादाचे. ज्याचं वजन सांगाल, त्यालाच सांभाळतो.

डॉक्टर अजून रोज बोरगावला जातात. मोटार जाताना मला इथून दिसते. डावी सीट रिकामी असते.