न मोजलेले वजन

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे आणि तबकडीवरचे काही आकडे पुसट झाले आहेत. तरीही मी अजून खरेच वजन सांगतो. आम्हा वजनकाट्यांना दुसरे काही येत नाही. पण माझ्या आयुष्यातली तीन-चार वर्षे अशी गेली, की माझ्यावर कुणी उभेच राहिले नाही. त्या वर्षांची खंत मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म सांगलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापणारे, स्प्रिंग बसवणारे, सगळे मराठी बोलत. त्यामुळे मराठी मला पहिल्यापासून कळते. तिथून खोक्यात बसून मी जयपूरला आलो. डॉक्टर भार्गव यांनी मला विकत घेतले. ते मनाच्या आजारांचे डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. सुरुवातीला माझा मोठा थाट होता. दवाखान्यातले वयस्कर मदतनीस रामस्वरूपजी मला रोज फडक्याने पुसत. येणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर चढे. "मशीन एकदम सच्ची है," असे रामस्वरूपजी लोकांना सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे.

२००३ साली उमाकांतराव आले. ते मूळ साताऱ्याकडचे, विमा कंपनीत अधिकारी. बदली होऊन जयपूरला येऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. त्यांच्या पत्नी मनीषाताई त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. जेवणात कुणीतरी विष कालवते, असे उमाकांतरावांच्या मनाने घेतले होते. आधी ऑफिसातल्या लोकांचा संशय आला, मग शेजाऱ्यांचा, आणि शेवटी मनीषाताईंचाही. ते फक्त स्वतः सोललेली केळी खात. माझ्यावर उभे राहिले तेव्हा माझा काटा चोपन्नावर थांबला. एवढ्या उंच माणसाचे चोपन्न किलो!

डॉक्टरांनी औषधे सुरू केली. दोन महिन्यांनी मनीषाताई दारातूनच बोलत आत आल्या.

"डॉक्टरसाहब, कल इन्होंने मेरे हाथ का खाया! दो पुरणपोळी खाई!"

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. डॉक्टरांनीही चष्मा काढून पुसला. खरे सांगतो, त्या दिवशी मलाही अभिमान वाटला.

हळूहळू दवाखान्यातली गर्दी वाढली. कपाटे भरली, तशा जास्तीच्या फायली रामस्वरूपजींनी तात्पुरत्या म्हणून माझ्यावर ठेवल्या. त्या तिथेच राहिल्या. मनाच्या दवाखान्यात वजनाचे काय काम, असेच सगळ्यांना वाटले असावे. डॉक्टरांच्या टेबलाशेजारी, फायलींच्या ढिगाखाली मी पडून राहिलो. मला आता माणसांचे फक्त पाय दिसत.

उमाकांतरावांचे पाय मी ओळखत असे. पहिल्या वर्षी ते बुटांत येत. मग बूट घट्ट होऊ लागले, म्हणून चपला आल्या. खुर्ची त्यांच्या खाली करकरू लागली. घरी मनीषाताई त्यांना आग्रह करकरून वाढत. ज्या माणसाने आपल्या हातचा घास नाकारला होता, तो आता आणखी एक पोळी मागतो, याहून मोठे सुख त्यांना दुसरे नव्हते. औषधाने भूक वाढत होती आणि झोपही. संध्याकाळचे फिरणे बंद झाले. सिगारेट मात्र वाढली. आताशा ते आत आले, की आधी पाणी मागत. एक पेला, मग दुसरा, मग तिसरा.

डॉक्टर दर महिन्याला विचारत, "नींद कैसी है? किसी पर शक तो नहीं होता?" उत्तरे चांगली येत. फाईलमध्ये 'सुधारणा' असे लिहिले जाई. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो, पण मला कुणी विचारले नाही.

२००७ सालच्या मार्चमध्ये उमाकांतराव जिना चढून आले आणि कितीतरी वेळ नुसते धापा टाकत बसले. मग मराठीत, पत्नीला म्हणाले, "अगं, जिना चढलो की छातीवर कुणीतरी बसल्यागत होतंय. सांग त्यांना."

मनीषाताई घाईने डॉक्टरांना म्हणाल्या, "ये बोलते हैं, छाती पर कोई बैठता है."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "कौन बैठता है, उमाकांतजी?"

उमाकांतराव हसले. "मतलब... कोई नहीं, डॉक्टरसाहब."

डॉक्टरांना वाटले, माणूस लपवतो आहे, जुना संशय पुन्हा डोके वर काढतो आहे. त्यांनी गोळी वाढवून दिली. मित्रांनो, त्या खोलीत 'बसल्यागत' हा शब्द समजणारे आम्ही तिघेच होतो. एक थकला होता, एक घाबरली होती, आणि मला वाचा नव्हती.

नवव्या दिवशी ऑफिसच्या कामासाठी जयपूरजवळच्या बस्सीला गेलेले उमाकांतराव तिथेच कोसळले. हृदयविकाराचा झटका होता. रक्तातली साखर तर केव्हापासून वाढलेली होती, कुणाला पत्ताच नव्हता. जीव वाचला, पण हृदयाचा मोठा भाग कायमचा निकामी झाला.

दीड महिन्याने मनीषाताई एकट्याच वर आल्या. उमाकांतराव खाली गाडीत बसले होते. त्यांना आता जिना चढायची परवानगी नव्हती. सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उन्होंने 'जैसे' कहा था. जैसे कोई बैठा हो. वो मैं बोली ही नहीं."

डॉक्टर म्हणाले, "भाभीजी, भूल मेरी है. कब होता है, इतना तो मैं पूछ सकता था."

मग त्यांनी मनीषाताईंना समजावून सांगितले. मनाच्या आजारात माणूस घरात बसून राहतो, सिगारेट ओढतो, शरीराकडे लक्ष देत नाही. काही औषधांनी भूक आणि साखर वाढते. औषध बंद करायचे नव्हते, त्यानेच तर माणूस परत मिळाला होता. त्याबरोबर वजन, साखर, रक्तदाब बघत राहायचे होते. आणि आता दुखावलेले हृदय मनालाही खचवील, म्हणून मनाच्या आणि हृदयाच्या अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून उमाकांतरावांना सांभाळायचे होते.

एवढे बोलून डॉक्टर उठले. माझ्यावरच्या फायली त्यांनी स्वतः जमिनीवर ठेवल्या, मला उचलले आणि दोन मजले उतरून खाली आणले. रस्त्याकडेच्या फरशीवर उमाकांतराव माझ्यावर उभे राहिले. डॉक्टरांनी गुडघे टेकून आकडा वाचला. एक्याण्णव.

उमाकांतराव वाकून बघत मनीषाताईंना म्हणाले, "बघ, तुझ्या हातचं खाल्लेलं सगळं इथं दिसतंय."

त्यांनी गमतीने म्हटले होते. पण मनीषाताईंनी तोंड फिरवले, आणि त्यांचा हुंदका मला ऐकू आला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यावर कुणी फाईल ठेवली नाही. माझा मान परत आला, पण त्याची किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली. तुमच्या घरात, शेजारात कुणाचे मन आजारी असेल, तर त्याला वेडा समजून त्याच्या शरीराचे दुखणे सोडून देऊ नका. तो छाती दुखते म्हणाला, तर छातीच तपासा. त्याला माझ्यासारख्या एखाद्या काट्यावर अधूनमधून उभे करा. आणि तो बोलत असेल, तेव्हा त्याचे वाक्य अर्ध्यावर घेऊन धावू नका.